सुई न लागणारा खाऊ

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर काम करतो. उसाची गाडी भरून आली की तिचं वजन घ्यायचं, रिकामी होऊन निघाली की परत घ्यायचं, आणि दोन आकड्यांची वजाबाकी करून पावती द्यायची. अंबडजवळ अंकुशनगरला, कारखान्याच्या वसाहतीत आमचं घर आहे. घरात मी, माझी बायको सुनीता, माझी आई आणि आमची एकुलती मुलगी ईश्वरी. ती चौथीत असताना तिला टाइप वन डायबेटिस असल्याचं निदान झालं.

हे लिहायचं कारण असं. परवा जालन्याच्या दवाखान्यात तपासणीला गेलो होतो. बाकावर शेजारी एक आई बसली होती. तिच्या मुलाला नुकताच हा आजार निघाला होता. तिनं मला औषधांचं काही विचारलं नाही. तिनं विचारलं, "भाऊ, जेवणाचं समजलं. पण मधल्या वेळेला पोरगं खायला मागतं, तेव्हा द्यायचं काय?" तिचा नंबर लागेपर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथं लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. खाली जे ग्रॅम येतील ते आमच्या घरच्या काट्यावरचे आणि पोषणाच्या छापील तक्त्यातले आहेत. ते कुणीही वापरावेत. इन्सुलिनचे आकडे मात्र आमच्या मुलीचे आहेत. ते उचलून आपल्या मुलाला लावू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

मशीननं आकडा दाखवला नाही

शाळा सुरू झाल्यापासून ईश्वरी पाणी फार पीत होती. बाटली रिकामी करून यायची आणि आल्या आल्या माठाकडे जायची. लघवीला सारखी उठायची. गणवेशाचा स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला तेव्हा सुनीतानं त्याला आतून पिन लावली.

आई म्हणाली, "जंत झाले असतील."

सुनीता म्हणाली, "उंच होऊन राह्यली ना, म्हणून बारीक दिसती."

मला दोन्ही पटलं. मग एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि ती धापा टाकल्यासारखा श्वास घ्यायला लागली. अंबडच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तोंडाचा वास घेतला आणि बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. मशीनवर आकडा आला नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली.

"हे मशीन सहाशेपर्यंत मोजतं," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या वर गेलं की आकडा दाखवत नाही. जल्दी जालन्याला न्या. मी फोन करून ठेवतो."

आमच्या काट्यावरही असं होतं. क्षमतेपेक्षा जास्त भार आला की आकडा येत नाही. मी ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगतो, थोडा माल उतरवायला लावतो. दवाखान्याच्या त्या खोलीत मला काय मागे घ्यावं ते समजेना.

गाडीत आई म्हणत होती, "इतल्या लहान लेकराला कुठं शुगर होती का? मशीनच बिघडलं असंल." मलाही मनातून तेच हवं होतं. काटे बिघडतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण जालन्यात दुसऱ्या मशीनवर तपासलं, मग प्रयोगशाळेत रक्त तपासलं. पहिलं मशीन बरोबर होतं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. "तुम्ही काही चुकीचं खायला दिलं म्हणून हे झालेलं नाही. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद झालंय. आता ते बाहेरून द्यायचं. कायम."

सुनीतानं विचारलं, "कायम म्हणजे किती दिवस?"

मॅडमनी पाण्याचा पेला सुनीतापुढे सरकवला. मग पुन्हा तेवढ्याच शांतपणे पहिल्यापासून सांगायला लागल्या. त्यांचा तो शांतपणा पुढे आम्हाला फार उपयोगी पडला.

मोसंबीवरचे धडे

पहिले काही दिवस अतिदक्षता विभागात गेले, त्यानंतर साधा वॉर्ड. सलाईन, बोटाला टोचणं, आकडा, पुन्हा टोचणं. ईश्वरी शुद्धीवर नीट आली तेव्हा तिनं पहिलं काय केलं असेल, तर बोटं मोजून कोणत्या बोटाला टोचायचं राहिलं ते सिस्टरला दाखवलं.

वॉर्डात पाहुणे येत होते आणि प्रत्येकाच्या पिशवीत मोसंबी होती. जालन्यात पेशंटला बघायला जायचं तर दुसरं काय नेणार? ईश्वरीला ती लगेच देता येत नव्हती. सिस्टरनं त्यातलीच एक उचलली, सुनीताच्या हातात सिरिंज दिली आणि म्हणाली, "हिच्यावर शिका. हिची साल अन् लेकराची कातडी, हाताला बराबर सारखीच लागते." सुनीतानं त्या मोसंबीला इतक्या वेळा टोचलं की ती टेबलावर ठेवली की ओल सुटायची. पण ईश्वरीच्या दंडाशी आली की हात थांबायचा.

"मम्मी," ईश्वरी म्हणाली, "मोसंबीला टोचती तशीच टोच. मी पण हलत न्हाई."

पाहुण्यांमध्ये माझा एक चुलतभाऊ होता. तो म्हणाला, "साखर कारखान्यात ऱ्हायचं म्हणल्यावर दुसरं काय होणार? पोरीला लहानपणापासून साखरंतच ठेवली तुम्ही."

त्यावर आई म्हणाली, "मी इतली म्हातारी झाले गोडमिट्ट चहा पिऊन. मला न्हाई झाली ती? डॉक्टरीण सांगून राह्यली ते आयक, न्हाई तर मोसंबी ठिव अन् जाय घरी."

शेजारच्या खाटेवर एक तान्हं बाळ होतं. त्याची आजी रोज सकाळी न विचारता ईश्वरीची वेणी घालून द्यायची. सुनीताला तेवढा वेळ डोळे मिटून बसता यायचं. आम्ही त्या बाईचं नाव विचारायचं विसरलो.

शाळेतून आल्यावर

घरी आल्यावरचा नियम असा होता. एक इन्सुलिन रोज एकदा, ते चुकवायचंच नाही. दुसरं प्रत्येक जेवणाआधी, ताटात किती कर्बोदकं आहेत त्यावरून. भाकरी, भात, पोळी, साखर, फळं, दूध, बटाटा, या सगळ्यांत ती असतात. आमच्या ईश्वरीला त्या वेळी वीस ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट लागायचं. सुनीता ताट वाढायची, मी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन करायचो. रिकाम्या वाटीचं वजन आधी घ्यायचं, भरलेल्या वाटीतून वजा करायचं. माझ्यासाठी यात नवीन काही नव्हतं.

जेवणाच्या सुया ईश्वरीनं स्वीकारल्या. अडलं ते शाळेतून आल्यावर. आधी ती दप्तर टाकायची आणि हाताला येईल ते खायची: बिस्किटं, गूळपोळी, चिवडा. आता यातल्या प्रत्येकाला वेगळी सुई लागणार होती. दोन-चार दिवस तिनं टोचून घेतलं. मग म्हणायला लागली, "भूक न्हाई."

आम्हाला ते खरं वाटलं. पण रात्रीच्या जेवणाच्या आधी ती गळून जायची, चिडचिड करायची. एकदा तर साखर एकसष्टवर आली आणि तिचे हात थरथरायला लागले. साखरेचं पाणी दिलं, पुन्हा तपासलं, ठीक झालं. तेव्हा सुनीतानं तिला जवळ घेऊन विचारलं, "खरंच भूक लागत न्हाई?"

"लागती," ती म्हणाली. "पण सुई न लागणारं काहीच न्हाई का खायला?"

मला हा प्रश्न पूर्णपणे रास्त वाटला. वाढत्या वयाची मुलगी सुईच्या भीतीनं दुपारभर उपाशी राहायला लागली, तर पुढे ती काय काय सोडून देईल? मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "तपासल्यावर साखर ठीक असेल, तर मधल्या वेळेला आठ ग्रॅम कर्बोदकांपर्यंतचं काहीही द्या, वेगळी सुई नको. पण हे फक्त मधल्या वेळेचं. जेवणातली भाकरी-भात कमी करून तिला बारीक करायचं नाही. तिला वाढायचंय."

दवाखान्यातून मिळालेल्या छापील कागदावर अशा खाऊची यादी होती. अवाकाडो, चीजच्या कांड्या, बेरी, बदामाच्या पिठाची बिस्किटं. सुनीतानं ती वाचली आणि मला विचारलं, "हे अंबडच्या बाजारात कोणत्या गाड्यावर भेटंल?"

म्हणजे यादी आपली आपणच करायची होती.

श्रावणी सोमवार

पण त्याआधी श्रावण आला. आई सोमवार धरते आणि ईश्वरी लहानपणापासून आजीबरोबर हौसेनं धरते. आम्ही तिला नको म्हणणार होतो. तिनंच हिशेब मांडला.

"आजी, उपासाला आपण काही खात न्हाई ना?"

"न्हाई बाळा. फराळ करायचा फकस्त."

"मंग उपासाला सुई पण न्हाई."

मॅडमनी सांगितलंच होतं की जेवण झालं नाही तर जेवणाचं इन्सुलिन द्यायचं नाही. आम्ही सगळेच खूश झालो. आठवड्यातून एक दिवस तरी लेकराला सुट्टी. रोजचं इन्सुलिन सकाळी दिलं आणि मी कामावर गेलो. दुपारी सुनीतानं फोनवर विचारलं, "जेवणाची सुई नकोच ना आज?" मी म्हणालो, "जेवणच न्हाई तर सुई कशाला?"

घरी आलो तेव्हा ईश्वरी पुन्हा माठाकडे चालली होती. तपासलं, चारशे अडुसष्ट. सुनीताचा चेहरा उतरला. मी मॅडमना फोन लावला.

"काय खाल्लं तिनं?"

"काहीच नाही मॅडम, उपवास आहे."

"काहीच नाही तर साखर आली कुठून?"

"फराळ केला थोडा."

"थोडा म्हणजे?"

मी सुनीताकडे पाहिलं. ती सांगत गेली, मी फोनमध्ये बोलत गेलो. साबुदाण्याची खिचडी, बटाटा घालून. एक केळं. बटाट्याचा कीस. दुपारी परत थोडी खिचडी, कारण आजीनं प्रेमानं वाढली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या घरी पण हेच सगळं होतं, म्हणून तुम्हाला रागावत नाही. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च आहे. भाकरीपेक्षा जास्त. तिला आज रोजच्या जेवणापेक्षा जास्त इन्सुलिन लागणार होतं आणि तुम्ही शून्य दिलं." त्यांनी किती युनिट द्यायचं ते सांगितलं, लघवीची पट्टी तपासायला लावली, पाणी पाजत राहा म्हणाल्या. पट्टीवर रंग अगदी फिका आला, म्हणजे धोका नव्हता. संध्याकाळपर्यंत आकडा खाली आला.

नंतर मी साबुदाणा कोरडाच काट्यावर ठेवला आणि छापील तक्ता उघडला. शंभर ग्रॅमला सत्त्याऐंशीच्या आसपास कर्बोदकं. तो सगळा दिवस आम्ही एक भरलेली गाडी रिकामी समजून सोडून दिली होती. आमच्या घरात, आणि मला वाटतं आजूबाजूच्या बहुतेक घरांत, फराळ हा खाण्यात धरतच नाहीत. तुमच्याकडेही श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र येणार. भगर, साबुदाणा, रताळं, बटाटा, केळं, राजगिऱ्याचा लाडू, यांना सुई लागते. हे आधीच घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगा.

दोन दिवसांनी आई भाजी चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, "देवाला काय, ती जेवली काय अन् न जेवली काय. पुढच्या सोमवारपासून ती जेवंल. तिचा बी मीच धरते."

काय काय सापडलं

सगळ्यात आधी शेंगदाणे. भाजून, तीस ग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची एक मूठ. त्यात कर्बोदकं पाच ग्रॅम. घरात कायम असतात, खिशात मावतात, मुलांना आवडतात. ईश्वरीला नुसते कंटाळवाणे झाले तेव्हा सुनीतानं तिखट-मीठ आणि थोडं लिंबू लावलं. ते अजून चालू आहेत.

पनीर आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत खायची गोष्ट होती. आता सुनीता आठवड्यातून दोनदा दूध फाडून घरीच करते. पन्नास ग्रॅमच्या चौकोनी वड्या तव्यावर जिरं-हळद टाकून लाल करायच्या. कर्बोदकं दोनाच्या आसपास. हा आमचा सगळ्यात भरवशाचा खाऊ, कारण पोटही भरतं.

काकडी आणि जवसाची चटणी: शंभर ग्रॅम काकडी आणि चमचाभर चटणी मिळून पाच. रोज काकडी दिली तेव्हा ईश्वरी म्हणाली, "मी काय शेळी हाय का?" मग काकडी एक दिवसाआड केली. जिरं-हिंग लावलेलं पातळ ताक, एक पेला, चार-पाच. दूध तेवढंच दिलं तर दहा होतात, म्हणून दूध जेवणाबरोबर. सुक्या खोबऱ्याचा तुकडा आणि भोपळ्याच्या भाजलेल्या बिया, दोन्ही मिळून मूठभर, सहाच्या आत.

उकडलेलं अंडं तर एक ग्रॅमसुद्धा नाही. पण ते सुचलं तेव्हा श्रावणच चालू होता. आईनं स्वतःहून एक जुनं पातेलं बाजूला काढून दिलं. "हे तिच्या अंड्याचं. माझ्या भांड्यात मिसळू नका, बस." एवढं बोलून ती देवघरात गेली.

ईश्वरीचा मामा रामेश्वर जाफराबादकडे शेती करतो. त्याच्याकडून मी घरी खायला सोयाबीन मागवलं तेव्हा तो फोनवर हसला.

"भाऊजी, सोयाबीन आपण इकायला पेरतो. खातं कोण?"

"तुझी भाची."

"मंग पोतं पाठवतो."

रात्रभर भिजवायचं, उकळून चांगलं शिजवायचं, फडक्यावर कोरडं करायचं आणि कढईत मंद आचेवर मीठ-हळद लावून कुरकुरीत होईपर्यंत भाजायचं. वीस ग्रॅमला सहा-सात. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं देऊ नका, पोट बिघडतं.

ज्यांनी फसवलं तेही सांगतो. मुरमुरे हातात काहीच लागत नाहीत, पण वाटी मोठी भरली आणि तीस ग्रॅम झाली की पंचवीसच्या वर कर्बोदकं. फुटाणे सगळे सांगतात, डायबेटिसला चांगले. असतीलही, पण तीस ग्रॅमला सतरा, म्हणजे आमच्या मर्यादेच्या दुप्पट. 'शुगर फ्री' लिहिलेली बिस्किटं मी पुडा उलटा करून वाचली. साखर नव्हती, मैदा होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुलाची साखर सत्तरच्या खाली गेली, घाम आला, थरथर सुटली, तर यातलं काहीही द्यायचं नाही. तेव्हा शेंगदाणे आणि पनीर निरुपयोगी आहेत. तेव्हा साखर, ग्लुकोज किंवा मोसंबीचा रस, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, आणि पंधरा मिनिटांनी परत तपासणी. ईश्वरीच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोजची पुडी असते आणि तिच्या वर्गशिक्षकांना ती माहीत आहे.

वसाहतीतल्या एका काकूंनी कारल्याच्या रसाचं सांगितलं. "सकाळी अनशापोटी घ्या, सुई बिलकुल सुटती. माझ्या भावाची गोळी सुटली."

सुनीता म्हणाली, "काकू, तुमच्या भावाची गाडी चढावर दमून राह्यली व्हती. हिच्या गाडीला इंजिनच न्हाई."

काकू म्हणाल्या, "लय शिकली गं तू." पण पुन्हा रसाचं नाव काढलं नाही.

डबा

हा खाऊ चालला. ईश्वरी शाळेतून आली की स्वतः साखर तपासायची, स्वतः डबा उघडायची. वजन वाढलं. स्कर्टची पिन निघाली. मधल्या सुट्टीतही ती हेच नेऊ लागली आणि मला वाटलं, आमचं काम झालं.

दिवाळीनंतरच्या तपासणीत मॅडमनी आकडे पाहून मान डोलावली. मग ईश्वरीला विचारलं, "मधल्या सुट्टीत मैत्रिणी काय आणतात?"

"पोहे, पराठे."

"तुला देतात?"

"देतात. मी घेत न्हाई. घेतलं तर सगळ्यांसमोर सुई घ्यावी लागंल."

"वर्गात माहीत आहे ना सगळ्यांना?"

"सरांना माहीत हाय. पोरींना न्हाई."

तिला वजन करायला बाहेर पाठवून मॅडम आम्हाला म्हणाल्या, "खाऊ उत्तम आहे. पण तो तिनं लपण्यासाठी वापरायला सुरुवात केली आहे. आज पराठा टाळते, उद्या सहल टाळेल. मोठी झाल्यावर सुईच टाळायला लागली, तर ती पहिल्या दिवसासारखी पुन्हा इथं येईल. जबरदस्ती करू नका. पण लक्ष ठेवा."

परतीच्या वाटेवर मी तेच मनात घोळवत होतो. ज्या गोष्टीवर मी इतकी मेहनत घेतली ती चुकीची नव्हती. पण तेवढ्यानं पुरणार नव्हतं.

हुरडा

थंडीत रामेश्वरनं हुरड्याला बोलावलं. पहिल्यांदा ईश्वरी म्हणाली, "मी आजीजवळ घरी थांबते." तिला हुरडा किती आवडतो हे आम्हाला माहीत होतं. मॅडमचं बोलणं दोघांनाही आठवलं. सुनीता म्हणाली, "तुझा डबा भरून घेऊ. वाटलं तर तोच खा." तेव्हा ती तयार झाली.

मी माझ्या परीनं एक तयारी केली. हुरड्याचे आकडे कुठल्याच तक्त्यात सापडले नाहीत. तक्त्यात असते ती वाळलेली ज्वारी. रामेश्वरनं आधी थोडी कणसं पाठवली होती. त्यांचा शंभर ग्रॅम हुरडा मी वजन करून बाजूला काढला आणि मंद तव्यावर पूर्ण वाळवायला ठेवला. सोयाबीन बाजारात नेलं की ओलावा धरून वजन कापतात, तेच गणित.

सुनीता म्हणाली, "अख्खं जग हुरडा खाऊन राह्यलं अन् तुम्ही वाळवून राह्यले."

वाळून छप्पन्न ग्रॅम राहिलं. ज्वारीत साधारण सत्तर टक्के कर्बोदकं धरली तर शंभर ग्रॅम हुरड्याला चाळीसच्या जरा खाली. मी चाळीस धरले.

शेतात आगटी पेटली होती. रामेश्वर राखेत कणसं खुपसून भाजत होता, त्याची बायको गरम कणसं हातावर चोळून दाणे पळसाच्या पानांवर टाकत होती. तिळाची चटणी, वांग्याचं भरीत, दही, गूळ. भोवती सगळी भावंडं बसलेली. ईश्वरी मात्र जरा मागे, सुनीताला टेकून, डबा मांडीवर घेऊन बसली होती.

मामाचा मोठा मुलगा, सातवीतला, तोंडात हुरडा असतानाच म्हणाला, "तू कामून खात न्हाई?"

"मी माझं आणलंय."

"ते काय, पनीर? हुरडा सोडून पनीर खायला शेतात आली व्हय?"

रामेश्वरच्या बायकोनं त्याला डोळ्यांनी दटावलं. "गप रे. तिला शुगर हाय ना."

मुलगा खाली बघून दाणे निवडायला लागला. आगटीत एक कणीस तडतडलं. सुनीताचा हात ईश्वरीच्या पाठीवर होता आणि माझ्याकडे सांगण्यासारखा एक आकडा होता, पण मी तो सांगितला नाही. जबरदस्ती करू नका, असं मॅडम म्हणाल्या होत्या.

ईश्वरीनं डब्याचं झाकण लावलं. उठून माझ्याजवळ आली.

"पप्पा, हुरड्याचे किती?"

"शंभराला चाळीस."

"म्हणजे दोन युनिट."

"हो. साखर बघून."

तिनं बोट पुढं केलं. एकशे अठरा. सुनीता पिशवी घेऊन उठली. "चल, गाडीत जाऊन देऊ."

"गाडीत कशाला?" ईश्वरी म्हणाली. "तिकडून येईपर्यंत हे सगळं संपवून टाकतील."

ती आगटीजवळ, भावंडांच्या रांगेत बसली. मी सिरिंज भरून दिली. तिनं दोन रेघा मोजून पाहिल्या, फ्रॉक थोडा वर घेतला आणि मांडीवर स्वतः टोचली. रामेश्वरच्या बायकोनं तोंड फिरवलं. पोरं मात्र डोळे मोठे करून जवळ सरकली.

"दुखतं का गं?" मामाच्या मोठ्या मुलानं विचारलं.

"दुखतं. तुला देऊ का?"

"नको."

"मंग सरक तिकडं."

मी काटा पिशवीतून आणला होता. पळसाच्या पानाचं वजन वजा करून शंभर ग्रॅम मोजले, आणि तेवढा वेळ कुणी हसलं नाही. गूळ तिनं घेतला नाही, चटणी दोनदा घेतली. पान रिकामं झालं तेव्हा ती आगटीतल्या कणसांकडे बघत बसली. मला वाटलं, झालं. हेच पुष्कळ झालं.

"मामा," ती म्हणाली, "अजून हाय का?"

"हाय की. पण बाई, परत..." रामेश्वर थांबला आणि माझ्याकडे पाहायला लागला.

"परत टोचावं लागंल. माहीत हाय मला," ती म्हणाली आणि माझ्यापुढं हात केला. "पन्नासच द्या. एक युनिट."

अंधार पडायच्या आत निघायचं म्हणून आम्ही सामान आवरत होतो. हुरडा खाऊन बराच वेळ झाला होता, म्हणून तिनं आपली साखर तपासली. मशीन वर करून तिनं मला आकडा वाचून दाखवला, एकशे बासष्ट, म्हणजे मर्यादेत, आणि मी त्यावर काही बोलायच्या आत गाडीतली खिडकीजवळची जागा कुणाची यावरून, गावापर्यंत सोबत येणाऱ्या भावंडांशी भांडायला ती धावत गेली.